‘उरले’ म्हणजे वजाबाकी नव्हे

‘टीचर, ह्यात बेरीज करायची की वजाबाकी?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की झोपेत कुणी कानाशी पुटपुटला, तरी मी ताडकन उठून बसेन आणि विचारीन, ‘ते नंतर. आधी सांग, गोष्टीत झालं काय?’

मी जोगेश्वरी पूर्वेला राहते. उभं आयुष्य पालिकेच्या प्राथमिक शाळेत गेलं. निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावरच्या ऑफिसात संध्याकाळी तिसरी-चौथीच्या मुलांचा वर्ग घेऊ लागले. शिकवते काय, तर फक्त शाब्दिक उदाहरणं. पाढे नाहीत, भूमिती नाही, अपूर्णांक तर नाहीतच नाहीत. माझी नणंद पार्ल्याला राहते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तू फक्त डाव्या कानाची डॉक्टर झालीस म्हण ना!’ झाले तर झाले. पण त्या डाव्या कानाला पेशंट तुडुंब आहेत.

ज्यांची शाळा सुटून जमाना झाला त्यांच्यासाठी सांगते. गणिताच्या पुस्तकात प्रत्येक धड्यात आधी नुसती गणितं असतात. अठ्ठेचाळीस भागिले सहा. पोरं फडाफडा सोडवतात. मग पान उलटलं की अचानक एक माणूस पेरूंची टोपली घेऊन येतो आणि म्हणतो, माझ्याकडे अठ्ठेचाळीस पेरू आहेत, सहा मुलांना सारखे वाटायचेत. झालं, वाट लागली! आकडे तेच, पण मधलं चिन्ह गायब. ते गोष्टीतून शोधून काढायचं असतं. मुलं गोष्ट वाचतच नाहीत. गर्दीतून वाट काढावी तशी शब्दांना ढकलत ती थेट आकड्यांपाशी जातात, दोन आकडे बखोटीला धरतात आणि बेरीज करून मोकळी होतात.

म्हणून पहिल्या दिवशी मी फळ्यावर एक उदाहरण लिहिते. ‘एका मिठाईच्या दुकानात १५ लाडू आणि ९ बर्फ्या आहेत. तर दुकानदाराच्या बायकोचं नाव काय?’

गेल्या जूनमध्ये हे लिहून खडू खाली ठेवला नाही तोच तिसऱ्या मजल्यावरचा अद्वैत ओरडला, ‘चोवीस!’

‘बायकोचं नाव चोवीस?’

अद्वैतने माझा चेहरा निरखला. मग म्हणाला, ‘जास्त झालं का? मग सहा.’

सगळा वर्ग खो खो हसायला लागला. एक पोरगी तर हसता हसता बाकावरून खाली घसरली. हसणं ओसरल्यावर मुलांना कळतं, अरे, वाचायचंही असतं. माझा अर्धा धडा तिथे होतो.

त्या दिवशी एकच मुलगी हसली नाही. चौथीतली प्राची इंगळे. सगळे गेल्यावर ती दप्तर पाठीला लावून माझ्यासमोर उभी राहिली.

‘टीचर, त्या बाईचं नाव प्रश्नात नव्हतंच ना?’

‘नव्हतं.’

‘मग तुम्ही पण फसवता,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

प्राचीची आई अश्विनी सांताक्रूझच्या विमानतळावर सामान तपासणीच्या मशीनवर काम करते. मूळचे हे लोक बुलढाण्याकडचे, पण अश्विनीचा जन्म इथलाच. बोलायला एकदम फटकळ. प्राचीला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा तिने सरळ सांगितलं होतं, ‘टीचर, नुसती गणितं द्या, माझ्यापेक्षा फास्ट करते. एकही चुकत नाही. पण ही गोष्टीवाली गणितं आली की पेपर कोरा. गणिताच्या टेस्टच्या दिवशी हिचं पोट दुखतं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली. पोटात काहीच नाही. शाळेतल्या बाई म्हणतात, हिला समजतच नाही, हिला वेगळं कुठेतरी दाखवा. टीचर, मी दिवसभर लोकांच्या बॅगांच्या आतलं बघते. माझ्या पोरीच्या आत काय आहे ते मला दिसेना.’

हे शेवटचं वाक्य बोलताना तिने प्राचीच्या केसांवरून हात फिरवला. मग लगेच पदर खोचल्यासारखी ताठ झाली आणि म्हणाली, ‘होईल ना काहीतरी?’

मी ‘बघू’ म्हटलं. आमच्या धंद्यात ‘नक्की’ म्हणायचं नसतं.

‘तुम्ही पण फसवता’ हे प्राचीचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. तुम्ही पण? म्हणजे आधी कोणीतरी फसवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला जवळ बसवून घेतलं आणि शाळेत काय शिकवतात ते विचारलं. तिने घडाघडा म्हणून दाखवलं. ‘एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी, प्रत्येकी आलं की भागाकार.’ हा तक्ता बहुतेक ठिकाणी शिकवतात. पाठ करायला झकास, आणि दहातली सात-आठ उदाहरणं त्यावर निभावूनही जातात. घोटाळा होतो तो राहिलेल्यांत.

‘मग अडलं कुठे?’

तिने आठवून सांगितलं. तिसरीतल्या परीक्षेत उदाहरण होतं, ‘राजूने मीनाला ८ गोट्या दिल्या. आता त्याच्याकडे १५ गोट्या उरल्या. तर आधी त्याच्याकडे किती गोट्या होत्या?’

‘त्यात उरल्या होतं, टीचर. मी वजाबाकी केली. सात. बाईंनी लाल फुली मारली. मी सांगितलं की उरल्या लिहिलंय, तर म्हणाल्या, नीट वाच. मी नीटच वाचलं होतं!’ तिच्या नाकपुड्या फुलल्या. ‘आकडे नाही फसवत. शब्द फसवतात.’

मला तिचा मुका घ्यावासा वाटला. ह्या पोरीला समजत नव्हतं असं अजिबात नाही. तिने शब्दांवर विश्वास टाकला होता आणि शब्दांनी दगा दिला होता. मानी मुलगी. पुन्हा त्यांच्याशी बोलायचंच नाही, असं ठरवून बसली होती.

मी कपाटातून बाटल्यांच्या बुचांचा डबा काढला. ‘पेन्सिल ठेव खाली. तू राजू. ह्या तुझ्या गोट्या, मोजायच्या नाहीत. अद्वैत, तू मीना.’

‘मी मीना?’ अद्वैतला धक्का बसला, पण त्याने ताबडतोब मान वेळावली आणि चिरक्या आवाजात म्हणाला, ‘दे ना रे राजू, दे ना!’

प्राचीने आठ बुचं मोजून त्याच्या हातावर ठेवली. उरलेली मोजली. मी आधीच बरोबर तेवढीच काढली होती, पंधरा भरली.

‘आता सांग, आधी तुझ्याकडे किती होती?’

ती आपल्या ढिगाकडे बघत राहिली. मग अद्वैतच्या मुठीकडे बघितलं. आणि तिने झडप घालून त्याच्या हातातली बुचं हिसकावली, आपल्या ढिगात टाकली आणि ओरडली, ‘तेवीस! टीचर, परत घेतली की कळतं! परत घ्यायची!’

‘ए, मला दिलेली होती!’ अद्वैत खरोखरच चिडला. मग दोघं बुचांसाठी टेबलाभोवती धावायला लागली, आणि मी त्यांना थांबवायचं सोडून हसत सुटले.

त्या दिवसापासून आमच्या वर्गात पेन्सिली मागे पडल्या आणि नाटकं सुरू झाली. रोज एक उदाहरण, रोज नवी मंडळी. पाण्याची टाकी भरायची असली तर चार पोरं हात धरून टाकी व्हायची आणि बाकीची नळ होऊन ‘सुर्रर्र’ करत आत शिरायची. गळकी टाकी असली तर विचारूच नका. प्राची सुरुवातीला दाराशी उभी राहून बघायची. मग हळूहळू सूचना द्यायला लागली. ‘ए नळा, तू एका मिनिटाला दोनच लिटर आहेस, एवढा जोरात नको पळू!’

ह्या सगळ्याचा आवाज व्हायचा, हे मी कबूल करते. आणि ऑफिसच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, आमच्या सोसायटीचे चेअरमन कोरगावकर राहतात. वडील गिरणीत होते, हे स्वतः विमा कंपनीतून निवृत्त झाले. मूळ गाव मालवणजवळ. चिडले किंवा खूश झाले की मालवणीत शिरतात. संध्याकाळी चहाच्या आधी त्यांना डुलकी लागते.

जुलैतल्या एका संध्याकाळी आमचं कोळणीचं उदाहरण चाललं होतं. कोळणीने टोपलीत किती पापलेटं आणली, किती विकली वगैरे. अद्वैत कोळीण झाला होता. कंबरेला माझी ओढणी, डोक्यावर कचऱ्याची कोरी बादली, आणि गळा तर असा की विचारू नका. ‘पापलेऽऽट घ्या, ताजी पापलेऽऽट!’

दार उघडलं. दारात कोरगावकर. डोळ्यांवर झोप, अंगात बनियन, हातात कापडी पिशवी.

‘कशी दिली?’ त्यांनी विचारलं.

सगळी मुलं भिंतीला लागली. अद्वैत मात्र भूमिकेत पुरता शिरलेला. त्याने बादली खाली उतरवली आणि म्हणाला, ‘काका, बारा विकली गेली, आता किती उरली ते तुम्ही सांगा.’

कोरगावकरांनी बादलीत वाकून पाहिलं. आत पुठ्ठ्याचे मासे. ते हळूहळू ताठ झाले. माझ्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

‘माका वाटला, खरीच पापलेटां इली,’ ते म्हणाले. इतक्या दुःखाने म्हणाले की प्राची फिस्सकन हसली. तिच्यामागून सगळा वर्ग हसला. आणि मग त्यांचा पारा चढला.

‘बाई, हे ऑफिस आहे की मच्छी मार्केट? हा वर्ग बंद करा. कमिटीपुढे घेतो मी हा विषय.’

आणि त्यांनी खरंच घेतला. कमिटीत निम्मे लोक माझ्या बाजूचे होते, निम्मे त्यांच्या. मी हात जोडून म्हटलं, गणपतीत आपला करमणुकीचा कार्यक्रम असतो. तेव्हा मुलांना एक उदाहरण करून दाखवू द्या. बघा, आणि मग ठरवा. कोरगावकर म्हणाले, ‘ठीक. पण लोकांना पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी चावी माझ्या हातात. आणि आरती वेळेवर झाली पाहिजे. नाटकापायी आरती थांबणार नाही.’

घरी येऊन मला धडकी भरली. माझी खोली वन रूम किचन. वर्ग तिथे मावणं शक्य नव्हतं. आणि प्राची नुकती कुठे शब्दांशी पुन्हा बोलायला लागली होती. कागदावर अजून लिहीत नव्हती, पण बोलत होती.

मुलांनी बसचं उदाहरण निवडलं. जोगेश्वरीला बसमध्ये पाच प्रवासी. अंधेरीला तीन चढले, दोन उतरले. पार्ल्याला चार उतरले, एक चढला. तर सांताक्रूझला बस पोचली तेव्हा आत किती? खुर्च्यांची बस, अद्वैत ड्रायव्हर. कंडक्टर कोण, ह्यावर भांडण जुंपणार एवढ्यात प्राची म्हणाली, ‘मी.’ एवढंच. सगळ्यांनी वळून पाहिलं, मीसुद्धा. कंडक्टरचं काम सर्वांत अवघड. लोकांशी बोलायचं, हिशेब सांगायचा आणि शेवटी प्रश्नही तिनेच विचारायचा.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सोसायटीचं अंगण भरलं होतं. आणि ऐनवेळी निरोप आला, एका प्रवाशाला ताप भरलाय. अंधेरीला चढून पार्ल्याला उतरणारा प्रवासी. एक माणूस कमी म्हणजे सगळं उदाहरण कोसळणार. मी सैरभैर. मोठ्या मुलांना विचारलं, ती लाजून पळाली. एवढ्यात मागून आवाज आला, ‘काय झालं? माणूस कमी पडतो? काय करायचं असतं?’

कोरगावकर. नवा झब्बा, कपाळाला गुलाल.

‘काही नाही, अंधेरीला चढायचं आणि पार्ल्याला उतरायचं,’ मी म्हटलं.

‘एवढंच ना? आयुष्यभर तेच केलं मी.’

बस सुटली. अद्वैतने तोंडाने असा काही हॉर्न वाजवला की पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ दचकून उठलं. अंधेरी आली. कोरगावकर ऐटीत चढले, खिडकीची म्हणून ठरवलेली खुर्ची त्यांनी पटकावली, काल्पनिक खिडकीतून काल्पनिक ओळखीच्या माणसाला हात केला. अंगण हसलं. लोक हसताहेत हे पाहून त्यांनी आणखी दोघांना हात केला. मग पार्लं आलं. प्राचीने खणखणीत आवाजात पुकारलं, ‘पार्लेऽऽ! चार जण उतरा!’ तीन मुलं उतरली. एकजण चढला. कोरगावकर हललेच नाहीत.

मी बाजूने हातवारे केले. त्यांनी मलाही हात केला.

बस सांताक्रूझला पोचली. प्राची पुढे आली. ‘तर सांगा, सांताक्रूझला बसमध्ये किती प्रवासी?’ आमचं ठरलं होतं त्याप्रमाणे वर्गातली मुलं खालून ओरडली, ‘तीन!’ आणि लगेच मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, ‘चार आहेत की! मोजा ना! गणित चुकलं!’

प्राची गर्रकन वळली. खुर्च्यांवर चार माणसं. तिचा हात पोटावर गेला.

मला तो हात ओळखीचा होता. आणि मागे गेटपाशी उभ्या असलेल्या अश्विनीलाही. ती ड्यूटीवरून थेट युनिफॉर्ममध्येच आली होती. ती पुढे यायला निघाली. मी तिला मानेनेच थांबवलं. का थांबवलं ते मलाही माहीत नाही.

प्राची कोरगावकरांसमोर जाऊन उभी राहिली.

‘काका, तुमचं तिकीट कुठपर्यंतचं?’

‘पार्ल्यापर्यंतचं.’

‘पार्लं गेलं. उतरा.’

कोरगावकर खुर्चीत आणखी ऐसपैस बसले. ‘माका हंय बरा वाटता. मी उतरूचंय नाय.’

हशा उसळला. प्राचीने तो हशा संपू दिला. मी पाहत होते, तिचा पोटावरचा हात खाली आला. ती लोकांकडे वळली.

‘ऐका! उदाहरण बदललंय,’ ती म्हणाली. ‘पार्ल्याला चार जण उतरणार होते. त्यातले एक काका उतरलेच नाहीत. तर आता सांताक्रूझला बसमध्ये किती?’

‘चार!’ अख्खं अंगण ओरडलं.

‘बरोबर. म्हणजे गणित नाही चुकलं. काका चुकले.’

आता लोक खुर्च्यांवर मावेनात. पण प्राची थांबतेय कुठे! तिला उकळी फुटली होती. ‘पुढचं उदाहरण! काका दर स्टॉपला नाही म्हणाले आणि प्रत्येक नाही म्हणायला दोन मिनिटं लागली, तर पाच स्टॉपनंतर आरतीला किती उशीर?’

‘दहा मिनिटं!’

‘आणि उशीर कोणामुळे?’

‘चेअरमनऽऽ!’

कोरगावकर डोळे पुसत उठले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बसमधून उतरताना त्यांनी कंडक्टरसमोर वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, ‘उतरलंय गो, माझे आये. आता आरती करूया.’ अश्विनी गर्दीतून वाट काढत आली आणि तिने प्राचीला उचलायचा प्रयत्न केला. चौथीतली मुलगी, काय उचलली जाणार? दोघी खाली बसल्या आणि तिथेच हसत राहिल्या. आरती चांगलीच उशिरा झाली. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

चावी माझ्याकडेच राहिली. कमिटीत विषय पुन्हा निघालाच नाही. फक्त कोरगावकरांनी एक दुरुस्ती सुचवली, की मासळीची उदाहरणं त्यांच्या झोपेनंतर घ्यावीत.

शाळेत असताना मला असा वर्ग कधी घेता आला नाही, ह्याची चुटपुट वाटते. एका वर्गात एवढी मुलं आणि डोक्यावर अभ्यासक्रम. तिथे बस कुठली उभी करणार आणि टाकी कुठे भरणार? असो. जे मिळालं ते ह्या संध्याकाळच्या वर्गात मिळालं.

शाळेची सहामाही झाली. गणिताच्या पेपरच्या दिवशी प्राचीचं पोट दुखलं नाही. अश्विनीचा विमानतळावरून खास तेवढ्यासाठी फोन आला, ‘टीचर, पोहे खाऊन गेली! दोनदा मागून घेतले!’

पेपर मिळाला त्या दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्राची धावत आली. तिला धाप लागली होती. पेपर माझ्या नाकासमोर धरला. एक शाब्दिक उदाहरण होतं, वाचनालयातल्या पुस्तकांचं, चांगलं दोन पायऱ्यांचं. तिने गोष्टीचं चित्र काढलं होतं, कपाटं, पुस्तकं, पुस्तकं नेणारी माणसं. एका माणसाला मिशाही होत्या. आधी काय करायचं, नंतर काय करायचं, दोन्ही पायऱ्या अचूक. आणि खाली, जिचं एकही गणित कधी चुकत नव्हतं तिने, हातचा घ्यायला विसरून साधी वजाबाकी चुकवली होती. अर्धे गुण.

‘टीचर, गोष्ट बरोबर आली!’ ती नाचत म्हणाली. ‘गोष्ट पूर्ण बरोबर! वजाबाकी चुकली!’

मुलीची वजाबाकी चुकली म्हणून आनंदाने टाळ्या वाजवणारी मास्तरीण मुंबईत दुसरी नसेल. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यांसाठी शेंगदाण्याची चिक्की आणवली. अद्वैत येऊन बसला आणि चिक्की तोंडात कोंबत त्याने विचारलं, ‘टीचर, चिक्की कशाबद्दल? कोण पहिलं आलं?’

‘कोणी नाही,’ प्राची म्हणाली. ‘माझं चुकलं ना, म्हणून.’ आणि तिने त्याच्या पुड्यातला एक तुकडा उचलून तोंडात टाकला.